क्रँकशाफ्टचे मागचे ऑइल सील बदलताना : नवख्यांसाठी क्रमवार माहिती

इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जोडलेले असतात, त्या सांध्याखाली तेलाचा डाग पडू लागला की पहिला संशय क्रँकशाफ्टच्या, म्हणजे इंजिनातल्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, मागच्या ऑइल सीलवर जातो. सील म्हणजे तळहाताएवढी रबरी कडी. ती बसवायला दहा मिनिटे पुरतात, पण तिच्यापर्यंत पोचायला गिअरबॉक्स, क्लच आणि फ्लायव्हील (क्रँकशाफ्टच्या टोकाची जड चकती) उतरवावे लागते. लिफ्ट नसताना, पहिल्यांदाच हे काम करणाऱ्याने पूर्ण दोन दिवस हाताशी ठेवावेत. इतकी उस्तवार एका कडीसाठी करायची, तर उघडण्याआधी गळती तिथलीच आहे याची खात्री हवी, आणि एकदा उघडल्यावर तेच काम पुन्हा करावे लागणार नाही अशी जोडणी हवी. या लेखातला बराच भाग याच दोन गोष्टींवर आहे.

पुढचे वर्णन आडव्या इंजिनाच्या, पुढच्या चाकांना ताकद देणाऱ्या, साध्या क्लचच्या गाडीचे आहे. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत ड्राइव्ह शाफ्टऐवजी प्रोपेलर शाफ्ट उतरतो. सीलपाशी पोचल्यावर काम सारखेच.

गळती नक्की कुठली?

तेल नेहमी खाली उतरते, आणि गाडी पळताना वाऱ्याने मागे ढकलले जाते. त्यामुळे इंजिनावर कुठेही गळले तरी त्याचा शेवट बेल हाऊसिंगपाशीच, म्हणजे क्लच झाकणाऱ्या गिअरबॉक्सच्या तोंडाशी, होतो. टॅपेट कव्हरच्या (इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाच्या) गॅस्केटचा मागचा कोपरा, कॅमशाफ्टच्या टोकाचे झाकण, ऑइल प्रेशर स्विच, फिल्टरची बैठक आणि ऑइल चेंबरची (इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीची) मागची कड या पाचही जागा आधी तपासा. यातली कोणतीही गळती गिअरबॉक्स न उतरवता दुरुस्त होते. सील बदलून झाल्यावर टॅपेट कव्हरच गळत होते असे कळणे ही या कामातली सर्वांत महागडी चूक.

इंजिन थंड असताना डीग्रीझरने धुऊन कोरडे करा. विजेच्या जोडण्या आणि अल्टरनेटर आधी प्लास्टिकने झाका. मग इंजिन पंधरा-वीस मिनिटे चालवून बंद करा आणि टॉर्च व छोटा आरसा घेऊन वरून खाली पाहत या. ओला ओघळ जिथे सर्वांत वर सुरू होतो ती गळतीची जागा. ओघळ सापडत नसेल तर इंजिन ऑइलमध्ये घालायचा अतिनील रंग मिळतो. तो टाकून गाडी एक-दोन दिवस वापरली आणि अतिनील टॉर्च मारला की वाट पिवळसर-हिरवी चमकते.

बेल हाऊसिंगच्या तळाशी बहुतेक गाड्यांत एक छोटे भोक किंवा फट असते. तिथले तेल बोटावर घ्या. इंजिन ऑइल काळपट आणि पातळ असते. गिअर ऑइल घट्ट असते, त्याला गंधकासारखा उग्र वास येतो. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तेल साधारणतः लालसर असते. गिअर ऑइलच निघाले तर दोष गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या सीलचा. गिअरबॉक्स तेव्हाही उतरवावाच लागतो, पण मागवायचे सील वेगळे.

भोकाशी नुसती ओल असेल आणि डिपस्टिकवरची पातळी महिनाभर हलत नसेल, तर घाई नको, लक्ष ठेवा. थेंब पडू लागले, किंवा चढावर क्लच घसरू लागला, गाडी उचलताना थरथरू लागली, तर मात्र थांबू नका. तेल क्लच प्लेटपर्यंत पोचल्याची ती खूण. गळती थांबवणारी औषधे रबर मऊ करून फुगवतात, म्हणून काही काळ फरक दिसतो. शाफ्टवर खाच पडली असेल किंवा सील पीटीएफईचे (टेफ्लॉनचे) असेल तर तेवढाही उपयोग होत नाही.

सील गेले, पण का गेले?

वय आणि उष्णता हे नेहमीचे कारण. रबर कडक होते, लिपची, म्हणजे सीलच्या शाफ्टला टेकणाऱ्या आतल्या ओठाची, धार शाफ्टला धरत नाही. हेच कारण असेल तर नवे सील टाकून प्रश्न मिटतो. इतर तीन कारणे मात्र नव्या सीललाही घालवतात, म्हणून त्यांतली पहिली दोन गाडी जॅकवर घेण्याआधीच पाहून घ्यायची.

पहिले कारण तुंबलेला ब्रीदर, म्हणजे इंजिनातला वायू बाहेर नेणारी वाट. सिलिंडरमधून पिस्टनच्या रिंगांच्या बाजूने थोडा वायू नेहमीच खाली क्रँककेसमध्ये (क्रँकशाफ्टच्या कप्प्यात) उतरतो. पीसीव्ही व्हॉल्व्ह तो बाहेर ओढून पुन्हा इनटेकमध्ये देतो. व्हॉल्व्ह किंवा पाइप काजळीने बंद झाला की आत दाब साठतो आणि जिथे वाट मिळेल तिथून तेल ढकलतो. इंजिन आयडलवर ठेवून तेल भरायचे झाकण काढा आणि तोंडावर पातळ रबरी हातमोजा ताणून धरा. बहुतेक निरोगी पेट्रोल इंजिनांत मोजा किंचित आत ओढला जातो. तो फुग्यासारखा फुगला तर आधी ब्रीदर साफ करा आणि व्हॉल्व्ह बदला. काही गाड्यांची गळती एवढ्यानेच थांबते. ब्रीदर मोकळा असूनही मोजा फुगत असेल, तर रिंगा झिजल्या आहेत. कॉम्प्रेशन तपासल्याशिवाय सीलला हात घालू नका.

दुसरे, क्रँकशाफ्टचे पुढे-मागे सरकणे. इंजिन बंद ठेवून कोणाला तरी क्लच पेडल दाबून सोडायला सांगा आणि पुढच्या पुलीकडे पाहा. पुली डोळ्यांना स्पष्ट सरकताना दिसली तर ही सरक रोखणारे थ्रस्ट वॉशर झिजले आहेत. ही सरक डायल गेजने मोजतात. अनेक इंजिनांत ०.१ ते ०.३ मिलिमीटरच्या दरम्यानची चालते, तुमच्या इंजिनाची मर्यादा मॅन्युअलमध्ये असते. मेन बेअरिंग झिजून शाफ्ट डुगडुगत असेल तरी हाच प्रकार. अशा शाफ्टवर कोणतेही सील टिकत नाही.

तिसरे, लिप वर्षानुवर्षे एकाच जागी घासून शाफ्टवर पडलेली खाच. ती उघडल्यावरच दिसते.

सामान

सील इंजिन नंबरवरून मागवा, गाडीच्या नावावरून नाही. एकाच मॉडेलमध्ये दोन-तीन इंजिने असतात. साधे नायट्रिल रबर जुन्या इंजिनांत चालते. एफकेएम, म्हणजे लोक ज्याला व्हिटॉन म्हणतात ते, बरीच जास्त उष्णता सोसते. पर्याय असेल तर हेच घ्या. नव्या इंजिनांत पीटीएफईचे सील येते. त्याच्या लिपमागे सहसा स्प्रिंग नसते, आणि ते बसवण्याची रीत अगदी वेगळी आहे. ती पुढे येईल.

सीलसोबत फ्लायव्हीलचे नवे बोल्ट, गिअरबॉक्सचे इनपुट शाफ्ट सील, ड्राइव्ह शाफ्टची दोन्ही सील, हबचे नवे नट, गिअर ऑइल, ब्रेक क्लीनरचे दोन डबे आणि धागे न सुटणारे कापड आणून ठेवा. क्लच अर्ध्याहून जास्त झिजला असेल तर क्लच सेट आणि रिलीज बेअरिंगही. फ्लायव्हीलचे बोल्ट बऱ्याच इंजिनांत ताणले जाणारे असतात, एकदा आवळून खोलले की त्यांची पकड पहिल्यासारखी राहत नाही. जुनेच लावण्याचा मोह टाळा.

हत्यारांत चार मजबूत स्टँड, ट्रॉली जॅक, इंजिन वरून पेलायचा आडवा बार, टॉर्क रेंच, अंश मोजायची चकती, क्लच मध्यावर आणायचा दांडा आणि व्हर्नियर कॅलिपर एवढे हवेच.

उतरवणे

गाडी सपाट, पक्क्या जमिनीवर घ्या. मागच्या चाकांना अडण लावा, बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. हबचे नट चाके जमिनीवर असतानाच ढिले करा. गाडी वर गेल्यावर तेवढा जोर लावणे धोक्याचे. बेल हाऊसिंग जॅकसकट बाहेर सरकेल एवढी उंची हवी. चारी स्टँड लागले की खाली जाण्याआधी गाडी हाताने जोरात हलवून पाहा. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली हातसुद्धा घालू नका.

गिअरबॉक्सचे तेल काढायच्या आधी तेल भरायचा प्लग निघतो का ते पाहा. तो अडकला आणि तेल आधीच काढून बसलात तर गाडी जागीच अडकते. मग लोअर आर्मचे बॉल जॉइंट सोडवून ड्राइव्ह शाफ्ट बाहेर घ्या. गिअरबॉक्सच्या बाजूने ते पहारीने हलका हिसका देऊन निघतात. शाफ्ट धरून ओढू नका, आतली जोडणी निखळते. त्यानंतर गिअरच्या केबल, रिव्हर्स लाइटची जोडणी, स्पीड सेन्सर आणि स्टार्टर काढा. क्लच हायड्रॉलिक असेल आणि क्लच ढकलणारा स्लेव्ह सिलिंडर बाहेरून बोल्टने लावलेला असेल तर पाइप न सोडता तो बाजूला तारेने बांधून ठेवा. सिस्टिममध्ये हवा शिरत नाही. तो सुटा असताना पेडल मात्र कोणी दाबू नये, पिस्टन बाहेर येतो. क्रँक सेन्सर बेल हाऊसिंगमध्ये असेल तर तोही काढून ठेवा. गिअरबॉक्स सरकताना त्याचा चुरा व्हायला वेळ लागत नाही.

आता इंजिन वरच्या बारवर पेला, गिअरबॉक्सखाली जॅक द्या आणि माउंटिंग सोडा. बेल हाऊसिंगचे बोल्ट वेगवेगळ्या लांबीचे असतात. एका पुठ्ठ्यावर बेल हाऊसिंगचा आकार काढून ज्या त्या जागी भोक पाडून बोल्ट खोचून ठेवला तर जोडताना शोधाशोध होत नाही. गिअरबॉक्स डॉवेल पिनांवरून सरळ मागे सरकवा. अर्ध्यावर आलेल्या गिअरबॉक्सचे वजन इनपुट शाफ्टवर लटकू देऊ नका, क्लच प्लेटचा मधला भाग वाकतो.

क्लच प्लेट दाबून धरणाऱ्या प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे, प्रत्येकी अर्धा-अर्धा फेरा असे सगळीकडून ढिले करत या. आतली धूळ हवा मारून उडवू नका, जुन्या प्लेटांत ॲस्बेस्टॉस असू शकते. ब्रेक क्लीनरने ओली करून पुसा. क्लच प्लेटला तेल लागले असेल तर ती टाकून द्या. धुऊन वरून कोरडी दिसते, पण मुरलेले तेल गरम झाल्यावर पुन्हा वर येते.

फ्लायव्हील आणि क्रँकच्या फ्लँजवर (शाफ्टच्या टोकाच्या चपट्या भागावर) मार्करने खूण करा. बोल्टांची भोके बऱ्याचदा मुद्दाम असमान अंतरावर पाडलेली असतात, म्हणजे फ्लायव्हील एकाच प्रकारे बसते, पण सगळ्याच इंजिनांत नाही. स्टार्टर जिथे गुंततो त्या फ्लायव्हीलच्या दात्यांत लॉक अडकवून बोल्ट सोडा. शेवटचे दोन बोल्ट काढताना फ्लायव्हील दुसऱ्या हाताने धरलेले असू द्या. बोटांवर पडले तर हाड मोडेल एवढे ते जड असते.

ऑटोमॅटिक गाडीत क्लचऐवजी टॉर्क कन्व्हर्टर असतो. त्याचे फ्लेक्स प्लेटवरचे (फ्लायव्हीलच्या जागी असणाऱ्या पातळ चकतीवरचे) बोल्ट आधी स्टार्टरच्या भोकातून एकेक समोर आणून काढा, आणि कन्व्हर्टर गिअरबॉक्सबरोबरच बाहेर घ्या.

जुने सील काढणे

इथे घाई केली तर क्रँकशाफ्टच खराब होतो. शाफ्टचा जो गुळगुळीत पट्टा लिपखाली फिरतो, त्यावर नखाला जाणवेल एवढा आडवा ओरखडा उमटला तरी तेलाला बाहेर यायला वाट मिळते.

काहीही काढण्याआधी जुने सील ज्यात बसते त्या हाऊसिंगच्या कडेपासून (हे बेल हाऊसिंग नव्हे) किती आत बसले आहे ते कॅलिपरने चार जागी मोजा आणि लिहून ठेवा. मूळ सीलची तोंडाची बाजू कुठे आहे आणि बाण असेल तर तो कोणत्या दिशेला आहे, त्याचा फोटो घ्या.

सीलच्या धातूच्या अंगावर, शाफ्ट आणि हाऊसिंगच्या बरोबर मध्ये, दोन मिलिमीटरचे भोक पाडा. ड्रिलच्या टोकापासून तीन मिलिमीटरवर चिकटपट्टीचा कडा गुंडाळा म्हणजे ते खोल जाणार नाही, आणि टोकाला ग्रीस लावा म्हणजे कीस त्यालाच चिकटेल. समोरच्या बाजूला असेच दुसरे भोक. दोन्हींत छोटे स्क्रू तीन-चार फेरे आवळा आणि पक्कडीने आळीपाळीने ओढा. सील थोडे थोडे करून वाकडेतिकडे होत बाहेर येते. पेचकस घालून उचकटायचेच असेल तर त्याचे टोक सीलच्या बाहेरच्या कडेकडे असावे, शाफ्टवर टेकवून तरफ करू नये.

काही इंजिनांत सील हाऊसिंगसकट मिळते. ते हाऊसिंग ब्लॉकला आणि खालून ऑइल चेंबरलाही बोल्टने जोडलेले असते. काढताना चेंबरच्या गॅस्केटचा कोपरा फाटू देऊ नका, नाहीतर नवीच गळती सुरू होते. फार जुन्या इंजिनांत सील दोन अर्ध्या भागांत किंवा दोरीसारखे असते. त्यासाठी चेंबर आणि मागची मेन बेअरिंगची कॅप उतरवतात. ते काम या लेखाच्या बाहेरचे.

आता शाफ्ट पुसून नख फिरवा. नख हलकेच अडेल अशी खाच दिसली तर नवे सील एक-दीड मिलिमीटर मागे किंवा पुढे बसवून लिपला कोरा पट्टा देता येतो, तेवढी जागा हाऊसिंगमध्ये असेल आणि तेल परतीचे भोक झाकले जात नसेल तर. खाच खोल असेल तर शाफ्टवर चढवायचा पातळ स्टीलचा स्लीव्ह मिळतो. त्याची जाडी मिलिमीटरच्या पावभागाच्या आसपास असते आणि बहुतेक वेळा मूळ मापाचेच सील त्यावर चालते. डाग किंवा गंजाचा ठिपका असेल तर हजार नंबरच्या पॉलिश पेपरने, तेल लावून, शाफ्टच्या गोलाईनेच घासा. उभे-आडवे किंवा तिरके घासल्याने पडलेल्या रेषा फिरताना तेल पंपासारखे बाहेर खेचतात.

नवे सील बसवणे

हाऊसिंगची आतली भिंत आणि शाफ्ट ब्रेक क्लीनरने स्वच्छ करा. नव्या आणि जुन्या सीलचा बाहेरचा व्यास, आतला व्यास आणि जाडी मोजून ताडून पाहा.

नायट्रिल किंवा एफकेएमच्या सीलच्या लिपवर आणि शाफ्टवर स्वच्छ इंजिन ऑइलचा पातळ हात फिरवा. लिप कोरडी राहिली तर पहिल्या काही सेकंदांतच जळते. स्प्रिंग दिसणारी बाजू इंजिनाकडे, म्हणजे तेलाकडे. पीटीएफईच्या सीलला मात्र तेल अजिबात लावायचे नाही, उत्पादकाने तसे सांगितले नसेल तर. शाफ्ट आणि लिप दोन्ही कोरडी हवीत, कारण सुरुवातीला पीटीएफईचा सूक्ष्म थर शाफ्टवर चढतो आणि तोच पुढे तेल अडवतो. असे सील प्लास्टिकच्या मार्गदर्शक कडीसह येते. कडी काढून टाकून हाताने बसवू नका, ती शाफ्टच्या कडेवरून लिप सरकवण्यासाठीच दिलेली असते. लिपची दिशाही सोबतच्या कागदाप्रमाणेच ठेवा, काही पीटीएफई सील रबरी सीलच्या उलट दिसतात.

मार्गदर्शक नसेल तर क्रँकच्या फ्लँजची धार हा मुख्य धोका. पातळ, गुळगुळीत प्लास्टिकच्या शीटची पट्टी फ्लँजभोवती गुंडाळून त्यावरून रबरी सील सरकवा आणि लिप शाफ्टवर आल्यावर पट्टी ओढून घ्या. मग टॉर्च मारून सगळीकडे पाहा. लिप कुठे आत दुमडली असेल तर तिची कड गोलाईत तुटल्यासारखी दिसते. दुमडलेली लिप गळतेच, त्यामुळे इथे शंका आली तर सील काढून पुन्हा घाला.

बाहेरची कड हाऊसिंगला समान टेकली की सीलच्याच व्यासाच्या सपाट पाइपच्या तुकड्याने किंवा ड्रायव्हरने ठोका. ड्रायव्हर नसेल तर लाकडी ठोकळा घेऊन घड्याळाच्या १२, ६, ३, ९ या आकड्यांच्या जागी, याच क्रमाने हलके घाव द्या. एका बाजूने आत शिरले तर सील तिरके होते. दर थोड्या घावांनंतर चार जागी खोली मोजा. खाचेसाठी सील मुद्दाम सरकवले नसेल तर ती आधी लिहिलेल्या मापाशी जुळायला हवी आणि चारही मापांत अर्ध्या मिलिमीटरहून जास्त फरक नको. सीलच्या बाहेरच्या अंगावर रबर असेल तर सीलंट लावायची गरज नसते; लिपवर ते कधीच लावायचे नाही.

जोडणी

फ्लायव्हीलच्या बोल्टांची भोके काही इंजिनांत थेट क्रँककेसमध्ये उघडतात. अशा बोल्टांच्या आट्यांवर सीलंट नसेल तर तेल आट्यांतून बाहेर येते आणि नवे सील गळतेय असे वाटते. मॅन्युअलमध्ये सांगितले असेल तर सीलंट लावायला विसरू नका; बरेच नवे बोल्ट आधीच लावलेले मिळतात. बोल्ट ताऱ्याच्या आकारात, दोन-तीन टप्प्यांत आवळा. टॉर्क आणि शेवटचा अंश तुमच्या इंजिनाच्या पुस्तकातूनच घ्या; अंदाजाने आवळण्याची ही जागा नाही. त्याआधी फ्लायव्हीलचा घासणारा चेहरा ब्रेक क्लीनरने पुसा आणि क्रँकच्या टोकाला पायलट बेअरिंग असेल तर ते बोटाने फिरवून पाहा.

क्लच प्लेट दांड्याने मध्यावर आणा. "गिअरबॉक्सकडे" किंवा "फ्लायव्हीलकडे" असे तिच्यावर लिहिलेले असते, उलटी बसवली तर क्लच सुटतच नाही. इनपुट शाफ्टच्या खाचांना ग्रीसचा अगदी बारीक हात पुरतो, जास्तीचे फिरताना उडून प्लेटवर जाते. गिअरबॉक्सचे इनपुट सील याच वेळी बदला.

गिअरबॉक्स हातानेच इंजिनाला टेकायला हवा. एक-दीड सेंटीमीटर फट उरली म्हणून बोल्ट आवळून ओढू नका. बेल हाऊसिंगचे कान तुटतात. खाचा जुळत नसतील तर क्रँकच्या पुलीचा बोल्ट पान्याने थोडा फिरवा, किंवा गाडी गिअरमध्ये टाकून ड्राइव्ह शाफ्टची बाजू फिरवा. ऑटोमॅटिकमध्ये कन्व्हर्टर आत ढकलून फिरवताना तो दोन-तीनदा "टक" करून आणखी आत जातो. तो पूर्ण आत नसताना बोल्ट आवळले तर गिअरबॉक्सचा पंप तुटतो.

बाकी सारे काढलेल्या क्रमाच्या उलट. ड्राइव्ह शाफ्टच्या टोकाची सर्क्लिप बसली की शाफ्ट हाताने ओढून निघत नाही. हबचे नट चाके जमिनीवर आल्यावर टॉर्कने आवळा. गिअर ऑइल भरायच्या प्लगच्या कडेपर्यंत येईल एवढेच, गाडी सपाट असताना.

चालू केल्यावर

पीटीएफई सील टाकले असेल तर बहुतेक उत्पादक इंजिन सुरू करण्याआधी काही तास थांबायला सांगतात, अनेकदा चार. सोबतच्या कागदावर लिहिलेला वेळ पाळा. इंजिन ऑइल डिपस्टिकच्या दोन खुणांच्या मध्ये ठेवा. जास्त भरलेले तेल क्रँकशाफ्ट घुसळतो, फेस होतो आणि मागच्या सीलवर ताण येतो.

पंखा सुरू होईपर्यंत आयडलवर चालवा आणि तळाच्या भोकापाशी पाहा. कोरडे असेल तर थोडी फेरी मारून गरम इंजिनावर पुन्हा पाहा. जोडताना बेल हाऊसिंगमध्ये सांडलेले थोडे तेल पहिल्या एक-दोन दिवसांत खाली येते. ते पुसून ठेवा आणि पाचशे किलोमीटरनंतर त्याच भोकाशी बोट लावून पाहा. तेव्हाही बोट ओले होत असेल, तर आधी मोज्याची चाचणी पुन्हा करा, मग टॅपेट कव्हरपासून खाली पाहत या, आणि गिअरबॉक्स पुन्हा उतरवण्याचा विचार सर्वांत शेवटी करा.